बिनखिडक्यांच्या इमारती

श्रोतेहो, नमस्कार. रोजगाराबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात लांबून करतो.

अमेरिकेत जिल्ह्यासारखी काउंटी असते. व्हर्जिनिया राज्यात, राजधानी वॉशिंग्टनच्या पश्चिमेला लाउडन काउंटी आहे. पूर्वी इथे गाईगुरं आणि कुरणं होती. १९६२ साली शेजारी डलेस विमानतळ झाला. नव्वदच्या दशकात जमिनीखालून इंटरनेटच्या तारा गेल्या आणि त्यांच्या मागोमाग डेटा सेंटर्स, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणारी, हाताळणारी संगणकांची कोठारं आली. आज तिथल्या अ‍ॅशबर्न गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक, करड्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. आत संगणकांच्या रांगा. खिडकीतून बाहेर बघायला माणूस आहेच कुठे?

पैसा मात्र भरपूर. तिथे यंत्रसामग्रीच्या किमतीवरही दरवर्षी कर बसतो, संगणकांना शंभर डॉलरमागे चार डॉलरच्या वर. संगणक जुने झाले की नवे येतात, कर चालूच. त्यावर शाळा चालतात, घरपट्टी आटोक्यात राहते. असं गिऱ्हाईक कोण सोडेल?

आता नोकऱ्या. व्हर्जिनियाच्या विधिमंडळासाठी २०२४ साली झालेली पाहणी सांगते, की अडीच लाख चौरस फुटांचं एक सेंटर बांधताना ऐन भरात दीडेक हजार माणसं राबतात. ते सुरू झालं की उरतात साधारण पन्नास. एका एसटीत मावतील, चार-सहा जण उभे राहतील इतकेच!

तरी तिथे इलेक्ट्रिशियनला काम मिळतं, कारण एक इमारत संपेस्तोवर दुसरीचा पाया खणला जातो. पण हे किती दिवस? २०२२ साली वीज कंपनीनेच सांगितलं, की मागणी पेलायला वाहिन्या पुरत नाहीत. संगणक थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या घरघरीने शेजारी वैतागले. अखेर २०२५ साली काउंटीने सुनावणीशिवाय थेट मिळणारी परवानगी बंद केली. आता नव्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होते.

हे सांगण्याचं कारण ऐरोली, रबाळे, महापे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एके काळी कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता माणसांनी फुलायचा. तिथेही आता डेटा सेंटर्स उभी राहताहेत. गुंतवणुकीचा कोटींतला आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, हजेरीपटावरचा आकडा कुठल्या पानावर येतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

आयटीआयमध्ये वायरमन किंवा एसी-रेफ्रिजरेशन शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र या पट्ट्यावर नजर ठेवावी. त्या पन्नासांत निम्मी कामं याच हातांची असतात, असं मला वाटतं. नमस्कार.