मंजूर पैसे आणि हातात आलेले पैसे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पदवीसाठी कर्ज घ्यावे का?’ त्याकडे येणारच आहे. पण जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाच्या हाती माईक दिलात, तर तो आधी स्वतःचं घोडं दामटणार, हे संयोजकांनी ओळखायला हवं होतं.

फीचं दुखणं जुनंच. आमच्या वडिलांच्या पिढीतली मुलं पुण्यात वार लावून जेवली आणि शिकली. साताऱ्याकडे कर्मवीर अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. तेव्हा खरा प्रश्न दोन वेळच्या जेवणाचा होता. 1983 साली, वसंतदादांच्या काळात, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि फीचा आकडा जेवणाच्या पार पुढे गेला. मग 1987 ला कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी उकळलेली देणगी, तिच्याविरोधी कायदा, 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण, आणि सोबत योजना. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत अर्धी शिक्षण फी सरकार देतं. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींची पूर्ण. म्हणजे योजनांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो वेळेवर पैसा मिळण्याचा.

एक किस्सा सांगतो. आमच्या सौ.ने तो इतक्यांदा ऐकलाय की त्या आत्ताच चहाकडे निघाल्यात. बघा, उठल्याच!

तालुक्याच्या शाखेत होतो. एक बाई आल्या, हातात पोराचं कॅप राउंडचं, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचं पत्र. “साहेब, पोराचा नंबर लागलाय. कॉलेज म्हणतंय आधी सगळी फी भरा, स्कॉलरशिप आली की निम्मी परत देऊ.” पिशवीत बोरमाळ, हातात पाटल्या. पाटल्या निघेनात. शेवटी शाखेच्या बेसिनवरचा साबण लावून काढल्या. आमच्या सराफाने दगडावर कस लावला, पाटल्या बावनकशी नसल्या तरी चोख निघाल्या. बोरमाळेशी मात्र तो अडला. मण्यांत लाखेचा भराव असतो ना! वजनातून घट काढली तशी बाईंची मान खाली गेली. “सासूबाईंनी तर पाच तोळे सांगितलं होतं.” मी काय बोलणार? सासूबाईंनी लाखेसकट मोजलं होतं.

कर्ज दिलं, फी भरली. सोनेतारणाचं व्याज सुरू. पुढच्या पावसाळ्यात मुलगा आला. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पैसे जमा दिसतात, पासबुकात नाहीत. शोध घेतला. डीबीटीचे, म्हणजे सरकारने थेट खात्यात टाकलेले, पैसे आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात. या पठ्ठ्याने कधीतरी सिमकार्ड घेतलं होतं, मोबाइलच्या दुकानदाराने अंगठा घेताना हळूच एक खातं उघडून दिलं होतं. पैसे तिथे सुखरूप पडलेले! काढायचे तर ओटीपी त्या नंबरवर, आणि तो सिम एसटीत मोबाइलबरोबर गेलेला. हसू नका, घरी जाऊन आपापल्या मुलांचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा.

पैसे मिळाले अखेर. निम्मी फी सरकारने दिली, हे खरंच. पण मधल्या काळाचं व्याज त्या माउलीने भरलं, आणि ते कुठल्याच योजनेच्या हिशोबात नाही.

योजनेच्या वाट्याची फी प्रवेशावेळी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. कॉलेजं तरी मागतात, कारण त्यांचे पैसेही उशिराच येतात आणि प्राध्यापकांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. त्यांना नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. मी म्हणतो ते असं : साखर कारखान्याला गोदामातल्या पोत्यांवर मालतारण कर्ज मिळतं, साखर विकायच्या आधी. मंजूर शिष्यवृत्तीवर का मिळू नये? अर्ज मंजूर झाला की बँकेने तेवढी रक्कम थेट कॉलेजला द्यावी, सरकारचे पैसे आले की वळते करून घ्यावेत, आणि मधलं व्याज ज्याने उशीर केला त्याने सोसावं. म्हणजे सरकारने. व्याजाचा मीटर आपल्याच अंगावर पडायला लागला, की फायली कशा पळतात ते बघा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. खाली दोन रेघाही मारल्यात.

तर, कर्ज. झटपट सांगतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून. इथेच लोक फसतात. चार वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचल, दहा टक्के सरळव्याज धरा. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सात हजारांच्या वर. म्हणून शिकतानाच दरमहा जमेल तेवढं व्याज भरत जा, बऱ्याच बँका त्यासाठी दरात सवलतही देतात.

कर्ज घ्या, पण शिष्यवृत्तीचा अर्ज आधी. पहिल्या पगाराला सात हजार झेपतील का, हे प्रवेशाआधी त्याच कॉलेजच्या मागच्या बॅचच्या मुलांना विचारा. माहितीपुस्तिकेतलं ‘सर्वोच्च पॅकेज’ एकाच मुलाचं असतं. प्राप्तिकरातली वजावट फक्त व्याजावर मिळते, आठ वर्षं. मुदलावर नाही. नवी कररचना घेतली असेल तर तीही नाही.

बाकी प्रश्न चहाच्या टेबलाशी. ज्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपतेय, त्यांचे आधी.