सोलापूरचा युरिया समुद्रात काय करतो?

नमस्कार मंडळी! मी उभा आहे हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर. लोक इथं येतात ते शके 940 चा मराठी शिलालेख बघायला. आज आपण देवळाकडं पाठ करून पाण्याकडं बघू. हे पाणी रायचूरजवळ कृष्णेला मिळतं, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात उतरते. म्हणजे सोलापूरकरांचा समुद्र तिकडचा, मुंबईचा नव्हे.

समुद्र बिघडला म्हटलं की आपल्याला प्लास्टिक आठवतं. ते आहेच. पण आपण समुद्रापर्यंत पोचूच देत नाही, अशीही एक गोष्ट आहे. सिलिका, म्हणजे वाळू आणि काच जिची बनते ती.

आपला काळा पाषाण झिजतो, त्यातली सिलिका पाण्यात विरघळते. समुद्रात डायटम नावाचं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. ते ही सिलिका घेऊन स्वतःभोवती काचेचं कवच बांधतं, दोन झाकणं एकमेकांत बसवलेल्या डबीसारखं. या डायटमना बारीक जीव खातात, आणि त्या जीवांना मासे खातात. किनाऱ्यावरच्या कोळ्याचं जाळं भरतं ते या साखळीवर.

आता उजनी बघा. पाणी थांबलं की डायटम धरणातच वाढतात, मरतात, गाळात बसतात. सिलिका तिथंच अडकली! पुढं श्रीशैलम, नागार्जुनसागर, तिथंही तेच. उसाला टाकलेला युरिया मात्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर निसटतो. थोडा वाटेत जिरतो, पण खाली डेल्टातल्या भातशेतीचा युरिया त्यात मिसळतोच, आणि तिथून पुढं अडवायला धरण नाही.

नत्र भरपूर, सिलिका कमी. मग डायटम मागं पडतात आणि सिलिका न लागणारी शेवाळं माजतात. त्यातली काही विषारी, काहींना कुणी फारसं खात नाही. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि बंगालच्या उपसागरात खोलवर तो मुळातच तुटपुंजा आहे.

उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेली की आपण बोंब मारतो, आणि मारायलाच पाहिजे. पण 2001 ते 2004 च्या दुष्काळी वर्षांत कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत जेमतेम पोचलं. गोड्या पाण्यावाचून खारफुटीचं काय होत असेल, तिच्या आडोशाला वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांचं काय, याची आपल्याकडं चर्चाच नाही.

"मग काय धरण फोडायचं?" असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. नाही हो. पण युरिया आपल्या हातात आहे. पाट पाण्यावर गोणी ओतली की निम्मं पिकाला लागतच नाही. ठिबकमधून थोडा थोडा दिला तर मुळाशी राहतो, आणि पैसेही वाचतात. तुमच्याकडं उसाला एकरी किती गोण्या पडतात, तेवढं खाली लिहा.