खुलताबादच्या वाटेनं जॅझकडे

(छत्रपती संभाजीनगर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जॅझच्या जन्मगावापासून, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सपासून, मी आज सुरुवात करणार नाही. लुई आर्मस्ट्राँग, माइल्स डेव्हिस यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला अलीकडचे, छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी काढलेले काही अल्बम सुचवायचे आहेत. ज्यानं बडा ख्याल मांडी घालून ऐकलाय, त्यानं जॅझला बिचकू नये. आधी धून, मग विस्तार, मग पुन्हा धूनेवर येणं, हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

पहिला अल्बम तर आपल्या गावाच्या नात्यातला. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर 1610 मध्ये आपलं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवतो आणि शेवटी खुलताबादला विसावतो, हे इथं कुणाला सांगायला नको. आफ्रिकेतून आलेल्या अशाच लोकांचे वंशज, सिद्दी, गुजरातेत रतनपूरला आहेत. त्यांचं गाणं आणि त्यांचे ढोल घेऊन सारथी कोरवारनं 2016 मध्ये ‘डे टू डे’ केला. हा पुण्यात तबला शिकलेला, लंडनला स्थायिक झालेला ड्रमर. त्यात सॅक्सोफोन सिद्दींच्या ठेक्यावर स्वार होत नाही, त्याच्या मागून चालतो. मला ते फार आवडतं.

दुसरा ‘किन्समेन’, 2008 चा. रुद्रेश महंतप्पा अमेरिकेत वाढलेला सॅक्सोफोनवादक. भावानं त्याला थट्टेत कद्री गोपालनाथांचा, म्हणजे सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कलावंताचा, अल्बम भेट दिला. थट्टा राहिली बाजूला, पुढे दोघं एकत्र वाजवायला बसले. कद्रींनी गमक, म्हणजे सुराला दिलेले हेलकावे, नीट निघावेत म्हणून सॅक्सोफोनमध्येच बदल करून घेतले होते. इथं दोन्ही आल्टो सॅक्सोफोन, म्हणजे वाद्य एकच, पण एक जण सूर आंदोलत नेतो आणि दुसरा टोकदार तुकडे फेकतो. कोण कुठला, हे ओळखत ऐका. ‘फ्यूजन’ म्हणून आपल्या माथी जे काही मारलं जातं, त्याच्या हे फार वरचं आहे.

तिसऱ्यावर मात्र भांडण होईल. शिकागोच्या मकाया मॅक्रेवन या ड्रमरनं वर्षभरात 28 मैफली केल्या, सगळ्या आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलेल्या. रेकॉर्डिंग भरलं 48 तासांचं. मग घरी बसून त्यानं ते कापलं, जोडलं आणि 2015 मध्ये ‘इन द मोमेंट’चे 19 तुकडे केले. आपल्यातले जुने रसिक म्हणतील, उत्स्फूर्त वाजवणं कापायचं? ही लबाडी नाही का? मला तसं वाटत नाही. चार-दोन सेकंदांचा एखादा तुकडा तो शोधून काढतो आणि फिरवत ठेवतो. तबल्याच्या सोलोखाली लेहरा, म्हणजे तीच ती छोटी धून, फिरतो ना, अगदी तसा. मग त्याच्यावर ड्रम मोकळे सुटतात. शिवाय तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवणाऱ्या आपल्या थोर गायकांनीही कापाकापी केलीच होती, फक्त ती गाण्याआधी, मनातल्या मनात.

‘प्रॉमिसेस’ (2021) तुम्हाला कुणीही सुचवेल. ऐंशीला टेकलेल्या फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन, फ्लोटिंग पॉइंट्स या नावानं वाजवणाऱ्या ब्रिटिश संगीतकाराचं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि लंडनचा वाद्यवृंद. सुंदरच आहे. पण तिथून सुरुवात केलीत तर जॅझ म्हणजे झोपेचं औषध असा समज होईल. तो नंतर ऐका.

ऐकण्याबद्दल एवढंच सांगतो, की मोबाईलच्या स्पीकरवर नको. डबल बास, म्हणजे खर्जातलं ते मोठं तंतुवाद्य, त्यात गायबच होतो, आणि सगळा डोलारा त्याच्यावरच उभा असतो. यातले बरेचसे अल्बम बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर आधी ऐकून मग विकत घेता येतात. डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ती साइट ठेवते. बाकीचे, पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता, कलावंताकडे किंवा त्याच्या छोट्या कंपनीकडे पोचतात.

आणि जेमी ब्रांचचा ‘फ्लाय ऑर डाय’ (2017) विसरू नका. ही ट्रम्पेटवाली 2022 मध्ये गेली, अवघी 39 वर्षांची. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट आपण सगळ्यांनी ऐकलाय, ही त्याहून बेधडक. जोडीला चेलो, बास आणि ड्रम. आवाज मोठा ठेवा, शेजारी विचारायला आले तर त्यांनाही बसवून घ्या.