चालत बेसवर जाणारा माणूस

[दृश्य : वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम, कृष्णधवल चित्रण. उजव्या हाताचा फलंदाज पवित्र्यात.]

बेसबॉलच्या या फलंदाजाच्या बॅटकडे नको, खांद्यांकडे बघा. चेंडू निघालाय. पुढचा पाय जरासा उचलला गेला, पण खांदे जागच्या जागी. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात. पंचांचा हात वर जात नाही. म्हणजे बॉल.

हा एडी योस्ट. जन्म १९२६, ब्रुकलिन. सतराव्या वर्षी वॉशिंग्टन सेनेटर्सकडून पहिला सामना खेळला आणि पुढे वर्षानुवर्षं या संघाचा तिसरा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा तिसरा टप्पा, सांभाळला. बहुतेक हंगाम संघ तळाच्या बाजूलाच असायचा.

[दृश्य : होम प्लेट, अगदी जवळून.]

फलंदाजासमोरची ही प्लेट १७ इंच रुंद. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, इथून साडेसाठ फुटांवर. वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोचतो. तेवढ्यात ठरवायचं, मारायचा की सोडायचा. प्लेटवरून, १९५०च्या दशकातल्या नियमाप्रमाणे गुडघा ते काख एवढ्या उंचीत आला तर स्ट्राइक. तीन झाले की बाद. त्याबाहेरून गेला आणि बॅट फिरली नाही, तर बॉल. असे चार बॉल झाले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. हा वॉक.

[दृश्य : एकामागून एक फाउल.]

आता योस्टचं खरं कसब बघा. दोन स्ट्राइक झालेत. चेंडू कोपऱ्यावर येतोय, सोडला तर बाद होण्याची भीती. तो नुसती बॅट लावतो आणि चेंडू रेषेबाहेर घालवतो. असा फाउल तिसरा स्ट्राइक धरत नाहीत. पुन्हा चेंडू, पुन्हा फाउल. पिचर हात पुसतो, टोपी सारखी करतो. मग एक चेंडू बाहेर पडतो, आणि योस्ट बॅट टाकून निघतो. प्रेक्षक त्याला ‘वॉकिंग मॅन’ म्हणायचे.

[दृश्य : छापील धावफलक.]

१९५६ साली त्याची फलंदाजीची सरासरी, म्हणजे चेंडू मारून बेस गाठण्याचं (हिटचं) प्रमाण, होती फक्त ०.२३१. वर्तमानपत्रात तेवढीच छापून यायची. पण त्या हंगामात त्याने १५१ वॉक मिळवले, म्हणजे हिट्सपेक्षाही जास्त! दर शंभर वेळांत तो एक्केचाळीस वेळा बेसवर होता. सरासरीच्या हिशेबात वॉक धरतच नाहीत. फक्त १८८७च्या हंगामात वॉकला हिट मानलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी तो नियम गेला. आपण क्रिकेटवाले ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या सलामीवीराला दाद देतो. योस्टला तेवढीही मिळाली नाही.

[दृश्य : टेड विल्यम्स, बोस्टन.]

बोस्टनचा फलंदाज टेड विल्यम्स याचंही तेच. १९४१ची त्याची ०.४०६ ही सरासरी सगळ्यांना पाठ. पण त्याच वर्षी तो शंभरातल्या पंचावन्न वेळा बेसवर पोचला, हे किती जण सांगतात? वाईट चेंडूला बॅट लावायची नाही, हा त्याचा दंडकच होता.

ब्रुकलिन डॉजर्स या संघाने ॲलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ १९४७पासून पगारावर ठेवला होता. त्याचे आकडे हाताशी घेऊन डॉजर्सचे माजी प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९५४ साली जाहीरपणे लिहिलं, की फलंदाज बेसवर किती वेळा पोचतो हे सरासरीपेक्षा महत्त्वाचं. हा आकडा अधिकृत व्हायला १९८४ उजाडलं. आज संघ त्याच्यावर पैसे मोजतात.

[दृश्य : डेट्रॉइट, १९५९. योस्ट होम प्लेट ओलांडतो.]

वॉशिंग्टनचं डावीकडचं कुंपण फार लांब होतं. डेट्रॉइटला गेल्यावर योस्टने त्याच वर्षी २१ होम रन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, मारले, १३५ वॉक घेतले आणि ११५ धावा केल्या. बेसवर पोचण्यात तो लीगमध्ये पहिला आला. पुढच्या वर्षीही पहिलाच.

१९६२ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,६१४ वॉक होते. यादीत पुढे तिघेच : बेब रूथ, टेड विल्यम्स, मेल ऑट. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात, आहेत. योस्टही तिथे असायला हवा.