रबाळ्याची इमारत, आईचा फोन

[दृश्य : कळव्याहून तुर्भ्याकडे जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता, धावत्या बसच्या खिडकीतून]

कळवा सोडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं की डावीकडे पारसिकचा डोंगर आणि उजवीकडे, वस्तीपलीकडे, खाडी. डोंगराच्या पायथ्याला टीटीसीची, म्हणजे ‘ट्रान्स ठाणे क्रीक’ची, औद्योगिक वसाहत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढची कित्येक वर्षं हा पट्टा रसायनांच्या कारखान्यांचा म्हणूनच ओळखला गेला. रबाळे-घणसोलीतली जुनी माणसं अजूनही त्या वासाबद्दल बोलतात.

आता ऐरोली, रबाळे, महापे या भागात वेगळ्याच इमारती दिसतात. उंच, बंदिस्त, जवळजवळ बिनखिडक्यांच्या. गच्चीवर थंड करणाऱ्या यंत्रांच्या रांगा, मागच्या बाजूला डिझेल जनरेटर. दारावर पहारा असतो, पण पाळी सुटल्यावर माणसांचे लोंढे बाहेर पडत नाहीत. ही डेटा सेंटर्स, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि हिशेब करणाऱ्या कम्प्युटरांच्या इमारती. आपण ज्याला ‘क्लाउड’ म्हणतो तो इथे, सिमेंटच्या भिंतींत राहतो.

ती इथेच का आली, याला कारणं आहेत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल्स मुंबईच्या किनाऱ्यावर, वर्सोव्याच्या बाजूला वर येतात. बँका आणि शेअर बाजार खाडीपलीकडे. आणि या पट्ट्यात कारखान्यांसाठी आखलेली जमीन आणि मोठ्या दाबाची वीज आधीपासून होती.

मी ऐरोलीत कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी आई दिघ्याच्या बाजूला, डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत आशा सेविका आहे. मोबाइलमध्ये रोज काही ना काही नवं येतं, आणि प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडतो : हे गणित होतंय कुठे? माझ्या हातात, की त्या इमारतीत?

[दृश्य : सर्व्हरच्या कपाटांची रांग, पंख्यांचा आवाज]

फोनला तुम्ही काही विचारता, तो उत्तर देतो. बहुतेक वेळा तुमचा प्रश्न फोनमधून टॉवरकडे, तिथून फायबरने एखाद्या डेटा सेंटरकडे जातो. तिथे हिशेब होतो आणि उत्तर परत येतं. देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सुरू झालं. त्यामुळे हा प्रवास झटपट झाला, पण प्रवास संपला नाही.

आणि त्या हिशेबाला वीज लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेलं, एनव्हिडिया या चिप कंपनीचं जीबी२०० एनव्हीएल७२ हे एक कपाट घ्या. चिप्सनी भरलेलं ते एकटं कपाट सुमारे १२० किलोवॉट वीज घेतं. दीड टनाचा घरगुती एसी साधारण दीड किलोवॉट घेतो. म्हणजे एका कपाटामागे ऐंशी एसी. त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते, आणि ती उष्णता काढायला पुन्हा वीज लागते, काही ठिकाणी पाणीही.

विजेचं महत्त्व आमच्या पिढीला एका सोमवारी कळलं. १२ ऑक्टोबर २०२०. कळव्याच्या उपकेंद्राला वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी तेव्हा दहावीत होते. लॉकडाउनचे दिवस, वर्ग फोनवर भरायचा, तो तिथेच तुटला. डेटा सेंटर अशा वेळी आपल्या जनरेटरवर चालत राहतं, त्यासाठीच ते तसं बांधलेलं असतं. वस्तीला जनरेटर नसतो.

म्हणून मला वाटतं, या पट्ट्यातलं प्रत्येक डेटा सेंटर किती वीज घेतं आणि किती पाणी घेतं, हे दरवर्षी जाहीर व्हायला हवं. नवी मुंबई महापालिकेने सांडपाण्यावर पुढची प्रक्रिया करून ते उद्योगांना देण्याची सोय ऐरोली आणि कोपरखैरणेच्या केंद्रांत उभी केली आहे. मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी वाचवणारी ही चांगली गोष्ट आहे. मग थंड करण्यासाठी कुणी कुठलं पाणी वापरतं, हे आम्हा शेजाऱ्यांना कळायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांनी तर हे विचारलंच पाहिजे, कारण उद्या त्याच इमारतींत आम्ही नोकरी मागायला जाणार आहोत.

[दृश्य : एका जुन्या फोनचा पडदा, बोट फ्लाइट मोडवर येतं]

दुसरी बाजू, हातातल्या फोनची, माझ्या जास्त जवळची आहे.

गेल्या काही वर्षांत फोनच्या चिपमध्ये एक वेगळा भाग आला, फक्त अशा हिशेबांसाठी. ॲपलने २०१७ मध्ये आयफोन एक्समध्ये तो ‘न्यूरल इंजिन’ या नावाने दिला. आता मधल्या किमतीच्या अनेक ॲन्ड्रॉइड फोनमध्येही तसा भाग असतो. पण चिपपेक्षाही मला मोठी वाटते ती मॉडेल लहान करण्याची युक्ती.

भाषेचं मॉडेल, म्हणजे आपलं बोलणं ओळखणारा, वाक्यं जुळवणारा प्रोग्रॅम, हा आतून आकड्यांचा प्रचंड साठा असतो. समजा त्यात ३ अब्ज आकडे आहेत. प्रत्येक आकडा १६ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) साठवला तर ६ जीबी जागा लागते, एवढं साध्या फोनच्या मेमरीत मावत नाही. तेच आकडे थोडे ढोबळ करून ४ बिटांत बसवले की दीड जीबी. उत्तराचा दर्जा थोडा उतरतो, पण मॉडेल फोनमध्ये राहायला येतं. गूगलने २०२४ मध्ये जेमा ही लहान मॉडेल्स खुली केली. आमच्यासारखे विद्यार्थी ती उतरवून घेऊन, उघडून, मोडतोड करून पाहू शकतात. भारतीय भाषांसाठी आयआयटी मद्रासच्या एआय४भारत या गटानेही आपलं काम खुलं ठेवलं आहे. माझं जवळजवळ सगळं शिक्षण अशा खुल्या कामावर झालंय, वर्गात नाही.

हे लहान मॉडेलही आधी कुठल्या तरी मोठ्या इमारतीतच शिकून तयार झालेलं असतं, हे मी विसरत नाही. पण एकदा ते हातात आलं की नंतरचा प्रत्येक प्रश्न घराबाहेर जात नाही.

आईच्या कामात याचा अर्थ काय होतो, ते सांगते.

[दृश्य : अरुंद गल्ली, पायऱ्या, खांद्याला पिशवी लावलेली एक बाई चढतेय, चेहरा दिसत नाही]

रुग्णालयात बाळंतपण झालं की आशा सेविकेने सहा गृहभेटी द्यायच्या असतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. काट्याला झोळी अडकवायची, बाळाला त्यात ठेवायचं, वजन बघायचं. एका हाताने झोळी सावरायची आणि दुसऱ्या हाताने नोंद करायची. नंतर घरी आल्यावर तेच पुन्हा फोनमध्ये भरायचं. चढावरच्या गल्ल्यांत रेंज येते-जाते, म्हणून हे काम रात्री जेवणानंतर चालतं. मी ते लहानपणापासून बघत आले आहे.

आईने नुसतं बोलावं आणि फोनने लिहून घ्यावं, तेही इंटरनेटशिवाय, असं माझ्या प्रोजेक्टमध्ये मी करतेय. एखादी बाई गरोदर आहे, कुणाचं बाळ कमी वजनाचं आहे, कुणाला आधी काय होऊन गेलंय, हे त्या बाईने माझ्या आईला विश्वासाने सांगितलेलं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटाबाबत २०२३ मध्ये कायदा झाला, त्याची गरज होतीच. पण आवाज फोनमधून बाहेरच गेला नाही तर जपायचं ओझंही तेवढं कमी होतं.

अजून एकाही खऱ्या नोंदीला मी हात लावलेला नाही. आई स्वयंपाकघरात बसून मनाने आकडे सांगते, फोन फ्लाइट मोडवर असतो, आणि मी बघत बसते.

साधी वाक्यं तो छान लिहितो. “बाळ दूध ओढतंय”, “नाळ कोरडी आहे”, चूक नाही. अडतो तो आकड्यांवर. आई म्हणते “सव्वादोन किलो”, पडद्यावर येतं ‘दोन किलो’. ती म्हणते “अडीच”, तर कधी हिंदीतलं ‘ढाई’ उमटतं. जन्माच्या वेळी अडीच किलोच्या खाली वजन असेल तर बाळ कमी वजनाचं धरतात, म्हणजे पाव-अर्ध्या किलोची चूक इथे चालणारच नाही. रक्तदाबाचं तर त्याहून अवघड. नर्सबाईंनी मोजलेला खालचा आकडा आई सांगते : “अठ्ठ्याऐंशी”. फोन लिहितो ९८. गरोदरपणात खालचा आकडा नव्वदला पोचला की डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव या दोन्हींच्या बरोबर मधून ती रेषा जाते.

म्हणून मी सध्या वाक्यं बाजूला ठेवली आहेत. आकडा ऐकला की फोन तो मोठ्या अक्षरात दाखवतो, परत बोलून दाखवतो, आणि आईने “हो” म्हटल्याशिवाय जतन करत नाही. आई म्हणाली, “बोलून दाखवतो ते बरंय, झोळी धरलेली असताना बघायला कुठे होतं?” ही गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात सापडली नसती.

[दृश्य : कॉलेजची लॅब, मायक्रोफोन, कागदावर लिहिलेले आकडे]

आता लागतायत ते आवाज. दिघ्यात मराठवाड्याहून आलेली कुटुंबं आहेत, विदर्भातली आहेत. गोठिवली, तळवली, घणसोली या गावांत आगरी-कोळी घरं आहेत. प्रत्येकाचं ‘एकोणसाठ’ वेगळं कानावर पडतं, आणि मॉडेलने आजवर ऐकलंय ते बहुधा बातम्या वाचणाऱ्यांचं. ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजात तुम्ही असाल, तर आपल्या आजी-आजोबांकडून शंभरपर्यंतचे आकडे आणि सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच एवढं त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात रेकॉर्ड करून घ्या. आधी त्यांना विचारा, कशासाठी हवंय ते नीट सांगा. नाव, पत्ता, आजार, काहीही नको, फक्त आकडे. पंखा बंद करू नका, बाहेरचा आवाज येऊ द्या. वस्तीत तो असतोच.