चढावर गाडी तापते तेव्हा तपास कुठून सुरू करावा

नमस्कार. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोर गाडीच्या जास्त जोर देणाऱ्या संथ गिअरमध्ये, गाडी डोंगर चढत असताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला की बरेच जण परत येऊन थेट नवा रेडिएटर बसवतात, आणि पुढच्या चढावर काटा पुन्हा तिथेच जाऊन उभा राहतो. म्हणून एकही भाग विकत घेण्यापूर्वी एवढेच नोंदवून ठेवा, की गाडी नेमकी कधी तापते. पुढचा सगळा तपास त्यावरच ठरतो.

इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश वाटा उष्णतेच्या रूपाने कुलंटमार्फत, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवामार्फत, बाहेर टाकावा लागतो. हायवेवर समोरून येणारा वाराच रेडिएटरच्या जाळीतून आरपार जातो. खडकाळ वाटेवर मात्र इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर फिरत असते आणि गाडी माणसाच्या चालीने सरकत असते, त्यामुळे लागणारी सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते. संथ चढावर तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर येताच निवणारी गाडी असेल, तर बहुधा हवा कमी पडते आहे. उलट, हायवेवर वेग वाढवल्यावर काटा चढत असेल, तर बहुधा कुलंट पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबला आहे.

ऑफरोडिंग करणाऱ्यांच्या गाड्यांत पहिला प्रकार जास्त आढळतो, म्हणून आधी पंखा पाहू. बेल्टवर चालणाऱ्या पंख्याच्या मधोमध जो जाड गोल भाग दिसतो, तो व्हिस्कस क्लच. याच्या आत सिलिकॉन तेल असते आणि समोरच्या बाजूला दोन धातूंची लहानशी गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी आतली झडप उघडते, तेल पुढे सरकून पकड घेते आणि पंखा जोराने फिरू लागतो. आता या क्लचच्या कडेकडे नीट पाहा. इथे धूळ चिकटून काळा, ओलसर थर जमला असेल, तर त्याचा अर्थ आतले तेल झिरपून बाहेर आले आहे. इंजिन तापलेले असताना बंद केले, किल्ली काढली आणि जाड हातमोजा घालून पंखा फिरवला, तर खराब क्लचचा पंखा दोन-तीन फेऱ्या अगदी सहज घेतो. चांगल्या क्लचमध्ये या वेळी हाताला स्पष्ट विरोध जाणवतो. ही परीक्षा फक्त बेल्टवरच्या पंख्याची आहे; इलेक्ट्रिक पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, त्यात हात घालू नका.

पंख्याभोवतीचे हे कडे, म्हणजे श्राउड, अनेक जुन्या जीपमध्ये जागेवर नसते, कारण कोणीतरी कामासाठी ते काढलेले असते आणि परत बसवलेले नसते. ते नसले की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच पुन्हा पुन्हा घुसळत राहतो.

यानंतर चिखल. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, पण ही समोरची जाळी एसीच्या कंडेन्सरची आहे आणि रेडिएटर तिच्या मागे आहे. या दोघांच्या मधल्या फटीत टॉर्चचा उजेड टाका. कोकणातली तांबडी माती, वाळलेले गवत आणि किडे यांचा एक सलग थर तिथे बसलेला असतो, आणि समोरून कितीही पाणी मारले तरी तो आणखी आत दाबला जातो. जाळी थंड झाल्यावर इंजिनाच्या बाजूने, साध्या नळाच्या दाबाने, बाहेरच्या दिशेला पाणी सोडावे. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. ग्रिलसमोर विंच आणि मोठे दिवे लावलेले असतील, तर तेही हवा अडवतात हे लक्षात ठेवावे.

हायवेवर तापणाऱ्या गाडीत रेडिएटरच्या आतल्या नळ्या तपासाव्यात. आपल्याकडे बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले जाते आणि त्याचे क्षार नळ्यांत साचतात. इंजिन तापलेले असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीवर ठिकठिकाणी तापमान मोजले, तर तुंबलेला पट्टा थंड दाखवतो. खालचा होज पाइपही पाहा. इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्यावर तो चपटा होत असेल, तर तो बदलावा लागेल. वॉटर बॉडीच्या, म्हणजे कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, आतली पाती गंजून झिजली असतील, तर बाहेरून काहीच कळत नाही. ती खोलूनच पाहावी लागते.

रेडिएटरचे झाकण स्वस्त असते, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. प्रेशर कुकरप्रमाणे ते आत दाब धरून ठेवते. ०.९ बारचे झाकण नीट बसलेले असेल, तर समुद्रसपाटीला साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचे रबर चिरलेले असेल आणि तुम्ही पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढत असाल, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि चढावर इंजिन सहज तेवढे तापते. हे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. उकळते पाणी थेट तोंडावर उडते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तो साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडू लागतो. अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंदही करतो, त्यामुळे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला न जाता तसेच परत फिरते. शिवाय इतर वेळी इंजिन थंड राहते आणि डिझेल जास्त लागते. शंका असेल तर तो भांड्यातल्या पाण्यात तापवून कधी उघडतो ते पाहा, आणि खराब निघाल्यास त्याच अंशांचा नवा बसवा.

वाटेतच काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण उघडा, गाडी न्यूट्रलला थांबवा आणि फेऱ्या थोड्या वाढवून पंख्याला हवा ओढू द्या. कुलंट बाहेर पडले असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो, म्हणून ते पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

इतके सगळे ठीक असूनही कुलंट कमी होत असेल, पाइप गार इंजिनातच कडक होत असतील किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची, तपासणी करून घ्या. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करतात. ज्वलनाचा वायू कुलंटमध्ये मिसळत असेल, तर पेट्रोल गाडीत हा द्रव पिवळा आणि डिझेल गाडीत हिरवट होतो. रंग बदलला, तर हेड खोलेपर्यंत ती गाडी चढावर नेऊ नये.