सान जोव्हान्नीचा निळा घोडा

इटलीच्या ईशान्य टोकाला त्रिएस्ते हे बंदर आहे आणि त्याच्या एका टेकडीला सान जोव्हान्नी म्हणतात. चढाच्या रस्त्यालगत दिसणाऱ्या या इमारती १९०८ मध्ये, शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात असताना, मनोरुग्णालय म्हणून सुरू झाल्या. वास्तुविशारद लोदोविको ब्राइदोत्ती यांनी येथे एक गावच वसवले. त्यात चर्च, नाट्यगृह, स्वयंपाकघर आणि धुलाईघर होते, आणि शांत, अस्वस्थ, कामकरी अशी वर्गवारी करून रुग्णांसाठी वेगवेगळे वॉर्ड बांधलेले होते.

१९७१ मध्ये डॉ. फ्रांको बासालिया येथे संचालक म्हणून आले तेव्हा सुमारे बाराशे माणसे आत होती. त्याच्या दहा वर्षे आधी गोरित्सिया येथील मनोरुग्णालयात, आदल्या रात्री कोणाकोणाला बांधून ठेवले याच्या नोंदवहीवर सही करण्यास त्यांनी नकार दिला होता. येथेही त्यांनी रुग्णांना बांधणे थांबवले, वॉर्डांची कुलपे काढली, आणि रुग्ण, परिचारक व डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतील अशा सभा सुरू केल्या. तोवर फरशी पुसणाऱ्या व कपडे धुणाऱ्या रुग्णांच्या श्रमाला ‘उपचार’ म्हटले जाई. १९७२ मध्ये या रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्याच कामाचे रीतसर वेतन मिळू लागले. आमच्या मते खरा बदल येथून सुरू झाला, कारण वेतन घेणाऱ्या माणसाला केवळ रुग्ण म्हणून वागवता येत नाही.

आता दिसतो आहे तो निळा घोडा म्हणजे मार्को काव्हाल्लो. रुग्णालयाची धुण्याची गाडी ओढणाऱ्या मार्को नावाच्या खऱ्या घोड्याला म्हातारपणी खाटकाकडे धाडण्याचे ठरले, तेव्हा त्याच्याच नावाने प्रांतिक प्रशासनाला पत्र लिहून त्याला जीवदान मिळवण्यात आले. पुढच्या वर्षी, रिकाम्या झालेल्या एका वॉर्डात, रुग्णांनी कलावंतांसोबत लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा हा प्रचंड निळा घोडा घडवला आणि आपल्या इच्छा त्याच्या पोटात असल्याचे मानले. फेब्रुवारी १९७३ मध्ये त्याला शहरात न्यायचे ठरले, पण तो दारातून बाहेर निघेना. अखेर दार फोडून वाट करण्यात आली, आणि घोड्यामागून शेकडो रुग्ण, परिचारक आणि डॉक्टर टेकडी उतरून शहराच्या रस्त्यांवरून चालत गेले.

१३ मे १९७८ रोजी इटलीच्या संसदेने कायदा क्रमांक १८० संमत केला आणि मनोरुग्णालयांत नवे रुग्ण दाखल करणे थांबले; काही प्रदेशांत पर्यायी सेवा उभ्या राहण्यास वर्षे लागली आणि तोवर भार कुटुंबांवर पडला. त्रिएस्तेत मात्र वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी राहणारी, मोजक्या खाटांची केंद्रे आधीपासूनच सुरू झाली होती. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी न गेलेल्या माणसांसाठी अशी केंद्रे हवी आहेत.

जुन्या वॉर्डांत आज विद्यापीठाचे विभाग, आरोग्यसेवेची कार्यालये आणि एक नभोवाणी केंद्र आहे. भिंतीवर रंगवलेल्या इटालियन अक्षरांचा अर्थ ‘स्वातंत्र्य हाच उपचार’ असा आहे. खाली गुलाबांची बाग आहे, हजारो जातींची, आणि तिच्यात शिरायला कोणाची परवानगी लागत नाही.